करडईचं तेल आणि चार ते सहाची वेळ

आधीच सांगून टाकतो, मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही, मला कधी दर्शन वगैरे झालेलं नाही, आणि माझ्या हाताने कुणी पांगळा उठून पळत सुटला असंही काही नाही. मी जालन्यात एका मेडिकलवर कामाला आहे, अकरा वर्षं झाली. गोळ्या काढून द्यायच्या, बिल करायचं, एक्स्पायरीचा माल बाजूला काढायचा. पण मागच्या सव्वा वर्षात मी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, रुग्णसेवा गटात आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायला शिकलो. निघालो तेव्हा मला काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं, आणि ज्याला विचारावं तो म्हणायचा, विश्वास ठेव, आत्मा चालवील. आत्मा चालवतो, कबूल, पण वॉर्डाच्या दारावरचा वॉचमन आत सोडत नाही त्याचं काय करायचं हे कुणी सांगत नाही. म्हणून लिहायलोय.

सुरुवात रागातून झाली. माझ्या काकूला शुगर आहे, दोन टाइम इन्शुलिन. दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला ती दुकानावर येते, स्टीलचा जुना थर्मास घेऊन, त्यात बर्फ, आणि इन्शुलिनची बाटली त्यात ठेवून गावाकडं घेऊन जाते. जानेवारी २०२४ ला ती आलीच नाही. मला वाटलं पोराने संभाजीनगरहून आणलं असेल. मग २३ तारखेला चुलत भावाचा फोन, आई शुद्धीवर नाही, मशीनवर आकडाच येईना, नुसतं 'हाय' दाखवायलंय. चार दिवस आयसीयू, अडतीस हजार बिल. वाचली.

नंतर कळलं की बाहेरगावचे एक प्रचारक आले होते, मैदानात मांडव टाकून आरोग्यसभा झाली, आणि त्यांनी स्टेजवरून सांगितलं की प्रार्थना झाल्यावर गोळी घेणं म्हणजे देवावर संशय घेणं. काकूने बाटली उकिरड्यावर फेकली. साधी बाई आहे, बायबल हातात धरून कुणी सांगितलं की झालं.

मी रविवारी उपासना झाल्या झाल्या पाळकसाहेबांना गाठलं आणि सलाम न करताच सुरू झालो. म्हटलं साहेब, ही आजाऱ्यांवरची प्रार्थनाच बंद करा आपल्या मंडळीत, लोक मरतील. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मला वाटलं आता रागावतील, तर म्हणले, "तू मेडिकलवर असतोस. औषध कुणी सोडलं ते डॉक्टरच्या आधी तुला कळतं. मग तूच ये ना गटात." घ्या! लोकांना पाचारण स्वप्नात वगैरे होतं, मला हे असं झालं.

पहिला वर्ग १० फेब्रुवारीला, शनिवारी, दुकान बंद करून रात्री साडेआठला, पाळकांच्या घरामागच्या हॉलमध्ये. आम्ही सात जण होतो. मला वाटलं होतं डोक्यावर हात कसा ठेवायचा, काय शब्द बोलायचे हे शिकवतील. साहेबांनी बायबलमधलं याकोबाचं पत्र उघडायला लावलं, पाचवा अध्याय, चौदावं वचन. ज्याला आजार आहे त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तैलाभ्यंग करून प्रार्थना करावी. साहेब म्हणले, बोलवायचं काम कुणाचं आहे बघा. आजाऱ्याचं. आपण जाऊन दारं ठोकत फिरायचं असं इथं लिहिलेलं नाही. मग योहानाचा पाचवा अध्याय, बेथेस्दाच्या तळ्याजवळचा अडतीस वर्षं आजारी असलेला माणूस. येशू त्याला आधी विचारतो, तुला बरं व्हायची इच्छा आहे का. मी लहानपणापासून शंभरदा ऐकलं असेल हे, पण देवाचा पुत्र असून परवानगी विचारतो हे कधी डोक्यात शिरलं नव्हतं.

आमच्यात एक आबा आहेत, मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी म्हणा, वय एकोणऐंशी. त्यांचे पूर्वज बेथेलचे, एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ ख्रिस्ती लोकांसाठी वसवलेलं ते गाव. आबांच्या खिशात कायम एक छोटी बाटली असते, खोकल्याच्या औषधाची असावी मुळात, लेबल कधीच निघून गेलेलं, पत्र्याचं झाकण, आणि आत करडईचं तेल. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं आबा, जैतुनाचं पाहिजे ना, बायबलमधलं, माझ्या दुकानात मिळतं छोटा डबा. आबा म्हणले, "त्यांच्याकडं जैतून पिकत होता, आपल्याकडं करडी पिकती." विषय संपला.

दोन शनिवार सिस्टर मावशींनी घेतले, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचे तेच. मावशी रिटायर नर्स. ट्रेनिंग मिरजेला झालेलं, वानलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये काढलेल्या दवाखान्यात, आणि नोकरी सगळी मिशन दवाखान्यांत. त्या सांगायच्या, आमच्याकडं ऑपरेशनच्या आधी टेबलापाशी प्रार्थना व्हायची आणि मग डॉक्टर हात धुवायचे, कोपरापर्यंत, प्रार्थना झाली म्हणून हात धुणं कमी नाही व्हायचं. त्यांचे नियम मी एका वहीत लिहून घेतले आणि आजही जायच्या आधी बघतो. पेशंटच्या कॉटवर बसायचं नाही. सलाईनच्या नळीला हात लावायचा नाही, ती थांबली असली तरी, सिस्टरला हाक मारायची. पेशंटने पाणी मागितलं तरी विचारल्याशिवाय द्यायचं नाही, ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेला असू शकतो. आत जाताना आणि बाहेर येताना, दोन्ही वेळा हात धुवायचे. अत्तर, सेंट लावून जायचं नाही, मळमळणाऱ्या माणसाला त्याने जास्त होतं. स्वतः जेवून जायचं. हे शेवटचं मला हसण्यावारी वाटलं होतं, पण मी एकदा उपास करून गेलो आणि ड्रेसिंगचा वास आल्यावर मलाच भोवळ आली, सिस्टरने मला स्टुलावर बसवून साखरपाणी दिलं, आणि ज्याच्यासाठी प्रार्थना करायला गेलो होतो तो पेशंट माझी चौकशी करायला लागला.

मंडळीतल्या एका वकील भावाने कायदा सांगितला, तोही सांगून ठेवतो कारण आपल्या लोकांना माहीत नसतो. २०१३ चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्यात कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करत बसणं हा गुन्हा आहे. आणि १९५४ चा केंद्राचा कायदा आहे जाहिरातींचा, त्यात शुगर, कॅन्सर असले आजार चमत्काराने बरे करतो म्हणून जाहिरात करता येत नाही. देवाकडं मागणं गुन्हा नाही हो, पण 'सर्व रोग बरे होतील, अवश्य या' असं बॅनर लावलं तर अडकाल. आमच्या गटाने तेव्हाच ठरवलं, बॅनर नाही, पत्रक नाही, फोटो नाही, आणि पैसे तर नाहीच, अगदी रिक्षाभाडंसुद्धा पेशंटकडून घ्यायचं नाही. फुकट मिळालं, फुकट द्या, मत्तयाचा दहावा अध्याय.

शेवटचा वर्ग १६ मार्चला झाला आणि त्याच दिवशी लोकसभेची आचारसंहिता लागली. याचा आमच्याशी काय संबंध असं मला वाटलं होतं, पुढं कळलं.

आता परवानगीचं. मराठवाड्यातलाच एक सरकारी दवाखाना आहे, कुठला ते नको, जालन्याहून एसटीने सव्वा तास. नातेवाईक म्हणून जायला कुणी अडवत नाही, पण गट म्हणून दर आठवड्याला जायचं तर लेखी परवानगी घेतलेली बरी असं वकील भाऊ म्हणले. २ एप्रिलला अर्ज दिला. मी साध्या कागदावर हाताने लिहून नेला होता, बाबूने बघितलाच नाही, लेटरहेडवर आणा. मंडळीचं लेटरहेड घेऊन गेलो तर सदस्यांची यादी जोडा, प्रत्येकाचं आधार झेरॉक्स आणि दोन फोटो. ते नेलं तर शंभरच्या स्टॅम्पवर हमीपत्र पाहिजे, की उपचारात अडथळा आणणार नाही, धर्मप्रचार करणार नाही. ते नेलं तर साहेब इलेक्शन ड्युटीवर. १३ मेला मतदान झालं, मी १५ ला हजर, तर फाइल सापडेना. इथं एक गोष्ट नीट ऐका, अर्ज देताना आपल्या कॉपीवर आवक नंबर आणि शिक्का घ्याच, त्या नंबरावरूनच माझी फाइल सापडली, नाहीतर परत पहिल्यापासून. एकूण सात चकरा, ८३ दिवस. पत्र हातात आलं २४ जूनला.

पत्रात अटी होत्या आणि खरं सांगतो, त्या वाचून मला बरंच वाटलं. वेळ चार ते सहा. एका वेळी दोघंच. पेशंटने किंवा नातेवाइकाने बोलवलं तरच. मोठ्याने गाणं नाही. तेल लावायचं नाही, इन्फेक्शनचा प्रश्न. आबांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं तर त्यांनी बाटली खिशात परत ठेवली आणि म्हणले ठीक आहे, तेल घरी लावू, इथं नुसतं बोलू.

७ जुलै, रविवार, पहिली भेट. मी आणि आबा. आबांचं तिकीट फुकट, पंच्याहत्तरीच्या पुढचे ना. पूर्ण रस्ता माझे हात घामेजलेले. आमच्याच मंडळीतल्या एकांचा मेव्हणा ॲडमिट होता, पाय मोडलेला, म्हणजे सोपा पेशंट म्हणायचा. मी डोळे मिटले आणि जे काही सुचेल ते सुरू केलं, आकाशाच्या पित्यापासून इस्राएलाच्या संतानापर्यंत सगळं आलं, आवाज कधी चढला मलाच कळलं नाही. मधेच त्याच्या बायकोने माझ्या बाहीला हात लावला, "भाऊ, हळू, बाजूच्याला आत्ताच डोळा लागलाय." आणि आमेन म्हणून डोळे उघडले तर पेशंट स्वतः झोपलेला. परतीच्या बसमध्ये आबा पैठणफाट्यापर्यंत काही बोलले नाहीत, मग म्हणले, एक मिनिट पुरतो. येशूचा शिष्य पेत्र पाण्यात बुडायला लागला तेव्हा दोनच शब्द बोलला होता, प्रभू वाचव. तेवढ्यात काम झालं.

तेव्हापासून मी एक मिनिटच करतो. नाव विचारायचं, काय दुखतं विचारायचं, कशासाठी मागू हे त्यालाच विचारायचं. गंमत म्हणजे बरेच लोक आजाराबद्दल सांगतच नाहीत. एक जण म्हणला म्हैस विकायची वेळ येऊ नये. एक मावशी म्हणल्या लेकाला सांगा भांडू नको, त्यांना मी म्हटलं मी देवाला सांगायला आलोय मावशी, तर म्हणल्या त्यालाच सांगा, तो लेकाला सांगंल.

सगळे हो म्हणतात असं नाही. ऑगस्टमध्ये कपाशीच्या फवारणीत विषबाधा झालेला एक शेतकरी होता, मुलगा आम्हाला बोलवून घेऊन गेला, आणि मी विचारलं की काका, तुमच्यासाठी प्रार्थना केलेली चालंल का. ते म्हणले नको. सरळ. मुलगा ओशाळला, मला क्षणभर अपमान झाल्यासारखं वाटलं, इतक्या लांबून आलोय वगैरे. पण बेथेस्दाचा प्रश्न विचारायचा म्हणजे 'नको' हेही उत्तर ऐकावं लागणार की. मी त्यांच्यासाठी चहा आणून देऊ का विचारलं, सिस्टरने हो म्हटल्यावर आणला, दहा मिनिटं बसलो, या साली बोंडअळी किती आहे यावर बोललो आणि निघालो. दुसऱ्या एका कॉटवर तुळशीची माळ घातलेली आजी होती, तिने मला लांबूनच बोटाने बोलवलं, "कामून आलास रे लेकरा, कुणाचा हायेस?" मी सांगितलं आजी मी ख्रिस्ती आहे, येशूच्या नावाने प्रार्थना करतो, तुम्हाला चालंल तरच. हे मी दर वेळी आधी सांगतो, लपवून काही करायचं नाही. आजी म्हणली, "तू तुझ्या देवाला सांग, मी माझ्या इठ्ठलाला सांगते, कोण आधी येतंय बघू."

सप्टेंबरमध्ये टीबीचा एक पोरगा होता, एकोणीस वर्षांचा. वॉर्डात आम्हाला सोडलं नाही आणि बरोबरच केलं, व्हरांड्यात मास्क लावून लांबून बोललो. त्याचं म्हणणं, दोन महिन्यांत खोकला थांबला, आता गोळ्या कशाला. मला काकू आठवली. प्रार्थना अर्धा मिनिट केली असेल आणि गोळ्यांवर वीस मिनिटं बोललो, सहा महिन्यांचा कोर्स मधे सोडला तर तीच गोळी पुढं लागू होत नाही, मग जास्त कडक औषधं, जास्त महिने. त्याला निक्षय पोषणचे, म्हणजे टीबीच्या पेशंटला आहारासाठी सरकार देतं ते, पैसेही येत नव्हते, तेव्हा महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. खातं आधारला लिंक नव्हतं एवढंच. ते बँकेत जाऊन करून दिलं. त्यानंतर तो मला प्रार्थनेसाठी नाही, पण कुठली गोळी जेवायच्या आधी हे विचारायला फोन करतो.

बरं, चमत्कार. विचारणार तुम्ही, म्हणून सांगतो. ऑक्टोबरमध्ये लकवा मारलेल्या एका आजीसाठी आम्ही प्रार्थना केली आणि तिसऱ्या दिवशी तिची बोटं हलली. आमच्या गटातला एक तरुण भाऊ रविवारी साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांपुढं सांगायला, उभा राहायलाच निघाला होता. पाळकसाहेबांनी त्याला बसवलं. आधी आजीला विचार, मग डॉक्टरला विचार, डिस्चार्ज कार्ड हातात येऊ दे. डॉक्टर म्हणले फिजिओथेरपी चालू आहे, वेळेत आणलं होतं, असं होतं. सिस्टर मावशींनी तेव्हा लूर्दचं सांगितलं, फ्रान्समधलं तीर्थक्षेत्र, १८५८ पासून तिथं आजारी लोक जातात, लाखो, पण तिथं डॉक्टरांची वेगळी कचेरी आहे, कागद तपासतात, आणि चर्चने आजपर्यंत चमत्कार म्हणून मान्य केलेले सत्तरच्या आसपासच. आम्ही कॅथलिक नाही, पण ही पद्धत मला आवडली. आजी आता काठी घेऊन चालते. मी देवाचे आभार मानले, आणि फिजिओवाल्या मॅडमचेही मानले, त्या जरा गोंधळल्या.

आता जे लिहायचं टाळत होतो ते. आमच्या मंडळीतला एक भाऊ, वय चव्वेचाळीस, तोंडाचा कॅन्सर, गुटखा. १४ नोव्हेंबरपासून दर गुरुवारी आम्ही त्याच्या घरी जायचो, मी, आबा आणि मावशी. इथं तेल चालत होतं. आबा झाकण काढायचे, अंगठा बाटलीच्या तोंडाला लावून उलटी करायचे, आणि त्या अंगठ्याने कपाळावर अगदी बारीक क्रूस काढायचे, तेल गालावर ओघळू द्यायचे नाहीत कारण गालाला पट्टी होती. खोलीत करडईचा आणि बीटाडीनचा असा मिळून वास. त्याला बोलता यायचं नाही, पाटीवर लिहायचा. एकदा लिहिलं, 'तेल गार लागतं. बरं वाटतं.' मी मनापासून मागितलं हो. मला खात्री वाटायला लागली होती. नववा आठवडा लागला आणि १४ जानेवारीला, संक्रांतीच्या दिवशी, पहाटे तो गेला.

माती झाल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही भेटायला गेलो तर वहिनीने मला विचारलं, "भाऊ, माझा विश्वास कमी पडला का?" त्या आरोग्यसभांत हेच सांगतात ना, बरा झाला तर प्रार्थनेमुळं आणि नाही झाला तर तुमच्या अविश्वासामुळं. मी काहीतरी बोललो, देवाची इच्छा, त्याच्या योजना, असलं. तिचा चेहरा बघून मलाच माझ्या शब्दांची लाज वाटली. आबांनी बायबल काढलं, तीमथ्याचं दुसरं पत्र, चौथा अध्याय, अगदी शेवट, जिथं नुसते निरोप आहेत आणि कुणी वाचत नाही. येशूचा प्रेषित पौल लिहितो, त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात ठेवून आलो. एवढंच. आबा म्हणले, "पोरी, ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे व्हायचे त्याचा सोबती आजारी राहिला. पौल त्याच्यावर चिडला नाही, त्याचा विश्वास मोजला नाही. नुसतं लिहून ठेवलं, आजारी होता." वहिनीने ते वचन स्वतः वाचलं, दोनदा. मग तिने आमच्यासाठी चहा ठेवला.

मी त्यानंतर तीन रविवार गेलो नाही. दुकानात माल लागलाय असं सांगितलं. चौथ्या रविवारी आबा एकटेच स्टँडवर बसलेत असं कुणीतरी सांगितलं, मग गेलो.

खर्चाचंही सांगतो, झेरॉक्स, फोटो, स्टॅम्प मिळून सहाशेच्या आत, बाकी सगळा एसटीचा, जानेवारी २०२५ च्या अखेरीस भाडं जवळपास १५ टक्क्यांनी वाढलं तेही धरून सगळं मिळून सहा हजार दोनशे, माझे एकट्याचे. परवानगी सहा महिन्यांची असते, डिसेंबरमध्ये रिन्यू केली, या वेळी नऊ दिवसांत, कारण आता बाबू ओळखतो आणि मी सगळ्याच्या तीन-तीन कॉपी नेतो. जाताना शक्यतो एक बाई सोबत असू द्या, बायकांच्या वॉर्डात आम्ही मावशींशिवाय पाऊल टाकत नाही. आणि पेशंटची नावं वहीत लिहू नका, मी कॉट नंबर लिहितो, तेही घरी आल्यावर खोडतो.

काकू या महिन्यात सहा तारखेला आली, थर्मास घेऊन. काउंटरवर चार गिऱ्हाईक उभे. बिल झाल्यावर म्हणली, "आता हात ठेव डोक्यावर आणि प्रार्थना कर, तू शिकलास म्हणं." म्हटलं काकू, लोक थांबलेत. म्हणली थांबू दे. मी काउंटरवरून वाकून हात ठेवला, केसांना खोबरेल लावलेलं, एक मिनिटसुद्धा नसेल लागला. आमेन म्हणून तिने बाटली सरळ बर्फात खुपसली. म्हटलं अशी नको, आधी कागदात गुंडाळ, बर्फाला चिकटून गोठलं तर इन्शुलिन वाया जातं. तिने बाहेर काढून दिली आणि मी बिलाच्याच कागदात गुंडाळून दिली.